शर्ट घातलाय, मुलाखतीला जात नाही

बाबा,

तुम्ही मुलाखतीसाठी इस्त्री करून ठेवलेला शर्ट मी घातलाय, पण मुलाखतीला जाणार नाही. आतल्या खोलीत ऑनलाइन गणित शिकवतोय. कॅमेऱ्यात कमरेपर्यंतच दिसतं, म्हणून खाली पायजमा आहे. दार वाजवू नका.

ज्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकलात, त्या तुमच्या जुन्या साहेबांचा फोन आला तर "मुलगा कामावर आहे" असं ठणकावून सांगा. खोटं नाही ते. पंचेचाळिशीतला मुलगा "घरीच असतो" असं सांगताना तुमचा आवाज बारीक होतो. माझा होत नाही.

दीड वाजता माझं ऑफिस सुटतं. तेव्हा कॅरम मांडून ठेवा. "रविवारी खेळू" म्हणता म्हणता तुम्ही रिटायर झालात. मला तेवढी वाट बघायची नाही.