फोटोत बसणार किती?

टेमघर, भिवंडी
२ फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप ताईस,

महादूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता. गेल्या वर्षापासून कंबर आठांपैकी पाचच अंगांना परवानगी देते.) तुझी, दाजींची आणि दाजींच्या साखरेची खुशाली कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. शाळेत मी आठवीच्या मुलांना पत्रलेखन शिकवतो. मायना, मजकूर, समारोप, एकूण पाच गुण. आणि सख्ख्या बहिणीला चार वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. मुलांना हे ठाऊक नाही, तुला आहे. तेव्हा त्या भानगडीत न शिरता सरळ कामाचं लिहितो. पत्राचा विषय: कॅमेऱ्याची लेन्स. हसू नकोस. (हसलीस तर बरंच आहे.)

झालं असं की आपल्या समोरची गुणाबाई डिसेंबरात गेली. पोरांनी रीतसर नाक्यावर बॅनर लावला, दहा बाय आठ. हल्ली आपल्याकडे माणूस सुतकात कमी आणि फ्लेक्सवर जास्त असतो. पण गुणाबाईने जन्मात एकच फोटो काढून घेतला होता, तो मतदार ओळखपत्राचा, आणि तोही शिंक यायच्या बेतात असताना. नखाएवढ्या फोटोतल्या शिंकेचं नाक्यावर काय झालं असेल याची तू कल्पना कर. रिक्षावाले वळताना दचकायचे. खाली ‘शोकाकुल’ म्हणून गॉगल लावलेली अठरा पोरं. त्यांचा आणि गुणाबाईचा संबंध एवढाच, की ही पोरं तिच्या अंगणात गेलेला चेंडू मागायला जायची आणि शिव्या घेऊन परत यायची. आई काठी टेकत ते बघून आली (दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण शिंक दिसली), ओटीवर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, “महादू, माजा फोटू काढून ठेव. आताच काढ. मेल्यावर मी काय सांगाया येनार न्हाय, नीट लाव म्हनून.”

मी नेहमीप्रमाणे ‘काढू गं’ म्हटलं. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि ‘काळजीचं कारण नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य गाळलं. मास्तर माणूस मी, गाळलेल्या जागांकडे माझं लक्ष आधी जातं. फोटो निघायला हवा आणि लवकर निघायला हवा, हे तेव्हा कळलं. स्टुडिओत न्यायचं म्हटलं तर जिना चढवत नाही. आणि फोटो आपल्याच घरात, आतल्या खोलीत, बाकावर बसूनच काढायचा असं तिने आधीच जाहीर केलेलं.

मग तुझा भाचा देवेश पुढे सरसावला. त्याने कामतघरच्या एका हळदी-लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याचा जुना डिजिटल कॅमेरा स्वस्तात घेतला. चांगला काळा, वजनदार, हातात धरला की आपण काही तरी कमावलंय असं वाटणारा. घरी आणून खोकं उघडलं तर पुढे नुसतं भोक. लेन्स नाहीच. असे कॅमेरे म्हणे ‘फक्त बॉडी’ म्हणून विकतात, डोळा ज्याचा त्याने बघायचा. देवेश ओटीवरून ओरडला, “पप्पा, बॉडी आली,” तशी आई आतून पदर सावरत लगबगीने बाहेर. “कोनाची रं?” (तिची चूक नाही. या गल्लीत तो शब्द दुसऱ्या कशासाठी वापरत नाहीत.)

तर लेन्स. मंडईकडे एक दुकान आहे, तो लेन्सा विकतो आणि लग्नाच्या फोटोग्राफरांना दिवसाच्या भाड्यानेही देतो. दुकानदार उत्तरेकडचा, पण तीस वर्षं इथे मुरलेला. विचारपूस मराठीत करतो आणि भाव हिंदीत सांगतो. मी म्हटलं, घरगुती फोटोंसाठी एकच लेन्स हवी, स्वस्त हवी आणि सगळ्याला चालेल अशी हवी. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण मुलीसाठी निर्व्यसनी, सरकारी नोकरीवाला आणि स्वतःचं घर असलेला मुलगा शोधणाऱ्या बापाकडे बघतो. मग म्हणाला, “मास्टरजी, पहले ये बोलो, फोटो में बैठेंगे कितने?” मी म्हटलं, ते अजून ठरलं नाही. “फिर लेन्स कैसे ठरेगा?” त्याने काचेवर चार लेन्सा मांडल्या, सोनाराने वाट्या मांडाव्यात तशा.

पहिली अठरा ते पंचावन्न. ही नव्या कॅमेऱ्याबरोबर तशीच येते, म्हणून तिला कोणी मान देत नाही. पण घरातलं सगळं तीच निभावते. (तुझ्या भावजयीने हे वाक्य माझ्या खांद्यावरून वाचलं आणि आता चहा मिळणार नाही असं दिसतं.) दुसरी पन्नासची. पुढेमागे होत नाही, जिथे आहे तिथे. माणूस मोठं दिसायला हवं तर आपण पुढे जायचं, लहान हवं तर मागे. पण अंधारातही दिसतं तिला, आणि एकच चेहरा असा काही काढते की बघत राहावं. मागचं सगळं धूसर. तिसरी सत्तर ते तीनशे, लांबचं जवळ आणणारी. मी म्हटलं, आमच्या खोलीत लांब असं काही नाही. (जे लांब आहे ते उरणला आहे, आणि तिथवर तीनशेही पोचत नाही.) चौथी अठरा ते दोनशे. तिच्यात म्हणे सगळं येतं. किंमत ऐकली आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाची आठवण झाली. त्याच्यातही सगळं येतं, आणि धड काहीच नाही. तर एकेक दिवस भाड्याने नेऊन बघा, असं ठरलं. तारण म्हणून माझं शाळेचं ओळखपत्र त्याच्या गल्ल्यात. तीन आठवडे मी मास्तर असल्याचा पुरावा त्याच्याकडे होता. शाळेत कोणाला फरक जाणवला नाही.

पहिल्या दिवशी अठरा-पंचावन्न लावली. आतल्या खोलीची तुला कल्पना आहे. आपण होतो तेव्हा निदान खिडकीतून उजेड यायचा. आता मागे कापडाच्या लूमचा कारखाना, त्याच्या पत्र्याने खिडकी झाकलेली. खोलीत उजेड कमी, म्हणून कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. आणि तेवढ्या वेळात भिंतीपलीकडचे चाळीस लूम जमीन हलवतात. आईचे अकरा फोटो काढले, अकराही फोटोंत ती तीन-तीन. मग देवेशने शोध लावला की लूम बंद असताना काढायचे. लूम बंद कधी? तर लाइट गेल्यावर. लाइट रोज पाच तास जातेच, त्याला तोटा नाही. पण लाइट गेली की खोलीत आईच दिसेना, तिचा आवाज तेवढा. “काढला काय रं?” म्हणजे भिवंडीत फोटो काढायचा तर उजेड आहे तेव्हा जमीन हलते, आणि जमीन स्थिर असते तेव्हा काळोख. हे मला फोटोपुरतंच खरं वाटत नाही, पण असो. राहिला शुक्रवार. लूमला सुट्टी, आणि सकाळी नऊ ते बारा आमच्याकडे लाइट. आठवड्यातले हे तीन तास माणसाचं तोंड नीट दिसतं.

गेल्या शुक्रवारी पन्नासची आणली. जमीन शांत, दिवा चालू, आई नवं लुगडं नेसून बाकावर. मागे भिंतीवर आप्पांचा फोटो. तो फोटो तुला माहीत आहे. त्या विषयात शिरणार नाही असं मी वर लिहिलंय, पण लेन्स नेमकी तिकडेच बघते, तिला मी काय करू? आप्पांच्या दहाव्याला नाक्यावर जो बॅनर लागला, त्याचाच तुकडा फ्लेक्सवाल्याने चौकटीत बसवून दिला होता. आप्पांचा धड फोटो असा तो एकच, तुझ्या भाविकच्या हळदीतला. आप्पा हसताहेत, शेजारी तू, तुझा हात त्यांच्या खांद्यावर. फ्लेक्सवाल्याने तुला कापलं आणि हात तेवढा राहून गेला. चार बोटं, हिरव्या बांगड्या, आणि बांगड्यांच्या पुढे एकदम निळं आभाळ, त्याने कॉम्प्युटरवरून भरलेलं. खाली शोकाकुलांची बत्तीस नावं. त्यातली दोन माणसं तर कोण गेलं हे विचारायला आली होती. तुझं नाव नव्हतं. तू रिक्षातून नाक्यावर उतरलीस, बॅनरखाली उभी राहिलीस, पदर डोक्यावर घेतलास, घरी येऊन पिंडाला हात जोडलेस आणि पाणीही न पिता परतीची एसटी धरलीस. फ्लेक्सवाल्यांना अक्कल नसते.

तर देवेशने पन्नासची लावून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, “पप्पा, भारी हाय ही. मागचं सगळं ब्लर होतं. आजोबांच्या खांद्यावरचा तो हात दिसणारच नाही.” मला एकदम हलकं वाटलं. चार वर्षं जो हात रोज जेवताना माझ्याकडे बघतो (हाताला डोळे नसतात हे मला माहीत आहे, मी मराठी शिकवतो, शास्त्र नव्हे), तो साडेचार हजारांत धूसर होत असेल तर आणखी काय पाहिजे? पण आईने ऐकलं. म्हणाली, “हात दिसला पायजे. माजा तोंड न्हाय दिसला तरी चालंल.”

दुसरी अडचण अशी, की ती बाकाच्या मध्ये बसेना. एका टोकाला सरकून बसते आणि शेजारची जागा मोकळी. मी म्हटलं, आई, मध्ये सरक, फोटोत भोक दिसतं. ती हलली नाही. पन्नासच्या लेन्समध्ये ती मोकळी जागा अर्धी दिसायची, अठराने पूर्ण दिसली. या शुक्रवारी, म्हणजे कालच, नगरसेवक (चौथी लेन्स) लावून बघितला, त्यात ती आणखीच मोठी दिसली. तीन लेन्सा झाल्या, तिन्हींत आई एका टोकाला, वर आप्पा, आप्पांच्या खांद्यावर हात, आणि त्या हाताच्या बरोबर खाली रिकामा बाक. तुझी भावजय भाग्यश्री म्हणाली, उशी ठेवा तिथे. आईने उशी उचलून खाली टाकली.

असो. शेवटी सगळा विचार करून पन्नासची लेन्स घ्यायची असं मी ठरवलं आहे. स्वस्त आहे, काळोखात चालते, आणि वय झालेल्या माणसाचा एकट्याचा चेहरा काढायला तिच्यासारखी दुसरी नाही. आईला समजावता येईल. तुला केवळ माहिती असावी म्हणून हे लिहिलं. काम काही नाही. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ
(हे पद अजून रिकामं ठेवलं असशील तर)
महादू

ता. क. पत्र पाकिटात घालताना आईने विचारलं, कोनाला? मी म्हटलं, बोर्डाला, पेपर तपासण्याबद्दल. ती म्हणाली, “बोर्डाला सांग, बाकावर जागा ठेवली हाय.” मोतीबिंदूचं मला आता काही खरं वाटत नाही.

ता. क. २ वर फ्लेक्सवाल्याबद्दल लिहिलं ते खोटं आहे. त्याने मला विचारलं होतं, “सर, बाजूच्या ताईंना ठेवू ना?” मी म्हटलं, कापा. राहनाळच्या जमिनीच्या हक्कसोडावर सही करायला तू त्याच आठवड्यात थोडा वेळ मागितला होतास, आणि मला वाटलं, बघतोच. नावांची यादीही मीच लिहून दिली, माझ्या अक्षरात, शुद्धलेखन तपासून. पुढे तू कचेरीत येऊन सही केलीस आणि घरावरून तशीच गेलीस. हात राहिला तो त्याच्या चुकीने. त्या अख्ख्या बॅनरमध्ये तेवढीच एक गोष्ट माझ्या मनाविरुद्ध झाली आणि तेवढीच बरोबर झाली. आईला हे सगळं माहीत आहे. तिने मला कधी विचारलं नाही, म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

ता. क. ३ पंधरा तारखेला शुक्रवार आहे. लूम बंद, लाइट नऊ ते बारा. उरणहून पहाटेची एसटी धरलीस तर दहापर्यंत पोचशील. नाक्यावर सध्या गुणाबाईच आहे, दुसरं काही नाही, मी बघून आलो. हिरव्या बांगड्या असतील तर घाल. आई म्हणते नसल्या तरी चालेल.

ता. क. ४ लेन्स मी अजून घेतलेली नाही. दुकानदार म्हणतो, आधी माणसं मोजा. तेव्हा तू काय ते एका कार्डावर कळव. येणार असशील तर अठरा-पंचावन्न घेतो, तिच्यात बाक पुरा येतो. येणार नसशील तर पन्नासची पुरे.