लंकेच्या कागदांवरची तुझी सही

बुऱ्हाणपूर,
बुधवार, ९ जानेवारी १९५७

चि. दत्तात्रय यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. नेपानगरला थंडी जास्त असेल, मंगलाला गुडघ्यांना तेल लावायला सांग. रीत संपली. आता मुद्द्यावर येते.

काल, मंगळवार, ८ जानेवारी रोजी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कचेरीतल्या त्या लंगड्या टेबलासमोर उभं राहून तू माझा नवरा मारलास. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगत, तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ, रडणं मागाहून. रडणं मला जमत नाही, म्हणून तारीख आणि वेळ नीट लिहिली आहे.

तुला बोलावलं होतं ते एवढ्याचसाठी, की वडिलांनी पोस्टात खातं उघडलं ते मालतीच्या नावाने, आणि पासपोर्ट निघाला तो सासरच्या सुलभेच्या नावाने. मुंबईच्या व्हिसावाल्यांनी कागद परत पाठवले. लंका बघायला निघालेली बाई एक आणि पैसे दुसरीचे, हे कसं? मालती आणि सुलभा एकच, हे माहेरच्या माणसाने शपथेवर सांगावं, इतकंच काम होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं तेव्हा तू शेजारी बसून बत्तासे खात होतास. त्या लग्नातलं माहेरचं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

तू मालती सांगितलीस, सुलभा सांगितलीस, छान सांगितलंस. मग साहेबांनी विचारलं, "पति?"

त्यांचं नाव मी घेत नाही हे तुला ठाऊक आहे. मी पासपोर्टावर बोट ठेवून दाखवणार, तेवढ्यात तू म्हणालास, "गुज़र गए, साहब."

साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. रुपयाएवढं कुंकू, कुणालाही दिसेल असं. मग त्यांनी दौतीत पाहिलं. बाबूने टाइपरायटरवर खटाखट 'विधवा' उमटवलं, आणि तू खाली सही केलीस. मी का गप्प राहिले, असं मंगला विचारील. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांना गप्प बसवत आले. काल मला कुणी बसवलं नाही, मी आपोआप बसले.

बाहेर आल्यावर तुझं भाषण: "अक्का, एका शब्दाचं काय घेऊन बसलीस? नवरा परदेशात, पत्ता ठाऊक नाही, असं सांगितलं असतं तर बाबूने शंभर सवाल केले असते. काम झालं ना?" आणि मावा जिलेबीचा पुडा माझ्या हातात कोंबून तू पॅसेंजर पकडायला पळालास. नवरा मेल्याच्या दिवशी बाईला जिलेबी देणारा भाऊ बुऱ्हाणपुरात तू पहिलाच. पुडा ओट्यावर आहे. मुंग्या खाताहेत.

आता कायद्याचं ऐक. पासपोर्ट नागपूरच्या राज्यातला, त्यात मी पत्नी. प्रतिज्ञापत्र भोपाळच्या राज्यातलं, त्यात मी विधवा. सरकारने एका रात्रीत राजधानी हलवली, ती त्यांची मर्जी. माझा नवरा हलवायचा अधिकार त्यांना नाही, तुलाही नाही. वर फोटो जोडले आहेत चार, कुंकवासकट. लंकेचा साहेब फोटो बघेल, कागद वाचेल आणि म्हणेल, हे काय सोंग आहे? अर्जात 'प्रवासाचे कारण' या जागी मी पर्यटन लिहिलं आहे. कँडीचं देऊळ, समुद्र, हत्ती. निवृत्त मुख्याध्यापिकेने हत्ती बघू नयेत असा कायदा नाही.

शेजारच्या गोदाबाई परवा म्हणाल्या, "सीतेला तरी रावणाने नेलं, बाई, तुम्ही तर तिकीट काढून चालल्या!" मी म्हटलं, रावण पेन्शनवाली नेत नाही. खूप हसल्या.

हे पत्र सुरू केल्यापासून मी तीनदा उठले. एकदा दूध उतू गेलं म्हणून, दोनदा उगीच.

बरं, लिहितेच. तुला कळत नव्हतं असं नाही. तुझे दाजी एकोणतीस साली कोलंबोला गेले, कापडाच्या दुकानात हिशेबनीस म्हणून. चौतीसपर्यंत पत्रं आली, मग आली नाहीत. तिथे त्यांनी दुसरं घर केलं, हेही तूच मला सांगितलंस, स्टेशनवर, गाडी सुटता सुटता. बोलायची तुझी हीच वेळ. मी काही त्यांना परत आणायला निघालेले नाही. भांडायलाही नाही. त्या दुकानात एकदा जायचं, छत्री मिटायची, खणाचं कापड मागायचं, पैसे द्यायचे आणि निघायचं. त्यांनी मला ओळखावं, एवढंच. त्यांनी सोडून गेलेली बाई स्वतःच्या पासपोर्टावर, स्वतःच्या पेन्शनीवर समुद्र ओलांडून आली आणि मोड घेऊन परत गेली. हेच माझे हत्ती.

झालं. आता जे लिहायला बसले ते.

साहेबांनी तुला आणखी एक सवाल केला होता. "कब?"

मला वाटलं, आता अडकेल. खोटं बोलणारा माणूस 'बहुत दिन हुए' म्हणतो, छताकडे बघतो. तू टोपीला हातही लावला नाहीस. म्हणालास, "चौवन में. सावन में."

सावन, दत्तू?

काल दुपारपासून मी तो श्रावण घेऊन घरभर फिरते आहे. मग मला चोपन्नची भाऊबीज आठवली. मंगला दरवर्षी निघताना माझी ओटी भरायची, तांदूळ, नारळ, हळकुंड, सगळं जय्यत, वर माझी मस्करी, "वन्सं, पदर नीट धरा, शाळा नाही ही." त्या वर्षी साडी हातात दिली आणि "दूध बघते" म्हणून आत गेली. मी समजले, घाईत असेल. पंचावन्नला म्हणाली, नारळ नासका निघाला. आणि या दिवाळीला काहीच म्हणाली नाही, माझ्या पाया पडली आणि बराच वेळ उठेना. मी तिला वर रागावले, कंबर धरली का म्हणून.

मंगला देवाला घाबरते. सवाष्णीची ओटी ती विसरणार नाही. आणि जिची भरू नये तिची भरणारही नाही. तिला तू बोलू नको म्हणाला असशील, आणि तिने तोंड मिटलं, पण हात तिचा ऐकेना. तिला रागावू नकोस. तुमच्या घरात तेवढं एक माणूस खरं वागलं.

तुला वाटलं असेल, अक्काची नोकरीची दोनच वर्षं राहिली आहेत, ती कुंकवासकट जाऊ देत. किंवा वाटलं असेल, जो माणूस वीस वर्षं नाहीच, त्याच्यासाठी तिला पुन्हा का रडवायचं? तुझं मन मी ओळखते. ते चांगलं आहे आणि भित्रं आहे. पण माझं दुःख होतं ना ते? ते तू स्वतःच्या खिशात ठेवलंस, आणि मी इकडे तीन दिवाळ्या आरशात बघून टिकली गोल काढत राहिले.

की मीच वेडी? की सावन तुझ्या तोंडून उगीच निघाला आणि नारळ खरंच नासका होता? हेही मी कालपासून स्वतःला सांगून पाहते आहे. पाच मिनिटं टिकतं.

सोमवारी संक्रांत. चार वाजता शाळेच्या बायका हळदीकुंकवाला येतील. वाणाच्या फण्या आणून ठेवल्या आहेत. करंडा घेऊन दारात मी बसायचं की गोदाबाईंना बसवायचं, हे मला त्याआधी कळलं पाहिजे. तेव्हा रविवारी, भोगीच्या दिवशी, संध्याकाळच्या पॅसेंजरपर्यंत मला तुझं उत्तर हवं. लेखी. कुणाच्याही हाती पाठव, पण स्वतः येऊ नकोस. समोर आलास की तू टोपी फिरवशील, जिलेबी आणशील. तोंडाने तुला खोटं बोलता येतं. लिहिताना येत नाही. शाळेला दांडी मारलीस की 'ताप आला होता' ही चिठ्ठी तू माझ्याकडून लिहून घ्यायचास.

उत्तर काहीही असो, कागद मी मुंबईला पाठवणार आणि लंकेला जाणार. ते असतील तर तुझं प्रतिज्ञापत्र फाडून नवं करीन, आणि त्या दिवशीही तुलाच बोलावीन. नसतील तर कागदात दुरुस्ती काहीच नको. अर्जात लिहिलेलं पर्यटनही मग खरं होईल.

सवाल एकच आहे. आजवर जे नाव घेतलं नाही ते, तुला चुकवायला जागा राहू नये म्हणून, लिहिते आहे.

प्रभाकर जिवंत आहेत का?

रविवार संध्याकाळ, दत्तू. त्यानंतर आलेलं पत्र मी उघडणार नाही.

तुझी,
मालती आणि सुलभा, दोघी एकच, तू शपथेवर सांगितल्याप्रमाणे
अक्का