पित्राचा पाट

कवठे येमाई
२१ सप्टेंबर २००५

चि. सौ. रतन हिला आक्काचा आशीर्वाद,

त्या दिवशी गोठा झाडून मी अंगण सारवत होते. यांनी रोजच्यासारखा खायचा सोडा पाण्यात ढवळून घेतला, वर गार दूध प्यायले आणि जळजळ थांबली म्हणून वैरण आणायला गेले. आम्हाला तेवढंच औषध ठाऊक होतं. दुपारी रक्ताची उलटी झाली. शिरूरला पोचायच्या आत हे गेले. इतकी वर्षं झाली, पण सारवायला बसले की ती सकाळ येतेच.

सोपानला तू वेळेवर दवाखान्यात नेलंस, फार बरं केलंस. दुर्बिणीतून अल्सरचं रक्त थांबवलं आणि आता शिरेतून औषध चाललंय, एवढं टेम्पोवाल्या शाकीरने सांगितलं. माझ्या भावाला गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊ नको म्हणून किती बजावलं होतं, पण ऐकेल तर तो सोपान कसला. परवा यांचं पित्र आहे. त्याची काळजी करू नका.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी आक्का


दौंड
२२ सप्टेंबर

ती. आक्कांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची चिठ्ठी यांना वाचून दाखवली आणि घोळ झाला. पित्र म्हणताच उठून बसले. दाजींच्या पाटावर दरवर्षी मीच जेवतो, मी न्हाई गेलो तर दाजी उपाशी राहत्याल, हा एकच हेका. बाटली संपली की सुट्टी मिळेल, म्हणून आज सकाळी नर्सबाईंची पाठ वळताच नळीचं चाक स्वतःच फिरवलं. नर्सबाईंनी ते जागेवर आणलं आणि विचारलं, काका, उसाला पाणी सोडताय का. मला आधी हसू आलं, मग रडू.

डॉक्टर सांगतात, पोटातलं ॲसिड जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी विरघळवतं. ॲसिड दाबणारं हे औषध तीन दिवस संथपणे, न थांबता शिरेतून जायला हवं. मध्येच उठले तर रक्त पुन्हा सुटेल, आणि मग काही खरं नाही. यांचं म्हणणं, सलाईन अशक्त माणसाला लावत्यात, मला काय धाड भरली. उद्या पहाटेच्या एसटीने निघणार म्हणून सदरा मागतायत. मी तो घरी कुलपात ठेवून आले. पण हे बनियनवरही निघतील. आक्का, तुमचंच ऐकतील ते.

तुमची मायेची नजर असू द्या.
रतन


कवठे येमाई
२२ सप्टेंबर

चि. सोपान यास आशीर्वाद.

शाकीर दारात टेम्पो चालू ठेवून थांबलाय, म्हणून थोडक्यात लिहिते. ओल्या सारवणावर पाय दिला की ठसा उमटतो, हे तू लहानपणी मार खाऊन शिकलास. तुझ्या पोटात आत्ता तसंच ओलं सारवण आहे. आई ते वाळेपर्यंत उंबऱ्यात बसून राहायची. हे औषध तशी राखण करतंय. त्याला राखणीवरून उठवू नकोस.

तुझे दाजी उपाशी राहणार नाहीत. चुकलेलं पित्र सर्वपित्री अमावस्येला घालता येतं. तू आलास तर मी दार उघडणार नाही. पुढच्या वर्षी मला दोन पाट मांडायला लावू नकोस.

तुझी आक्का


दौंड
२५ सप्टेंबर

ती. आक्कांना नमस्कार.

चिठ्ठी यांनी स्वतः दोनदा वाचली. मग आडवे झाले आणि हात पुढे केला. नर्सबाईंना म्हणाले, सावकाश सोडा, घाई न्हाई. औषध पुरं झालं. रक्त पुन्हा आलं नाही. आज पेज प्यायले आणि अळणी म्हणून माझ्यावर रुसले, म्हणजे बरे आहेत.

रतन


कवठे येमाई
२६ सप्टेंबर

चि. सोपान आणि चि. सौ. रतन यांना आशीर्वाद.

अमावस्येला मीच दौंडला येते. सोपानला वडे मिळणार नाहीत. मऊ भात आणि तूप, तोही पाटावर बसून. पित्राचा पाट दुसऱ्याच्या घरी नेत नाहीत, असं शेजारची पार्वतीबाई म्हणाली. म्हणू दे.

सोपान, शाकीरकडे चिठ्ठी दिली, पण तू ऐकशील याचा मला भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी दौंडकडची पहिली एसटी यायच्या आधी मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. सगळी माणसं उतरली. तू उतरला नाहीस. मी घरी आले, कावळ्याला घास ठेवला, पाट धुतला, उन्हात वाळवला आणि पिशवीत बांधून ठेवला.

तुमची आक्का