पांढरं कवच

सोमवार, ३

आज कामावर रुजू झालो आणि आधी आठवली ती शाळेतली करकर: फळ्यावरचा खडू, त्यामागून एका सुरात कविता म्हणणारा आमचा वर्ग. पुढे चाळीस वर्षं तोच खडू मी चालवला. म्हातारपणी असं काम मिळेल हे स्वप्नातही नव्हतं! शेवाळ पाण्यात पिळायचं, काचनळीने थेंब ओढून भिंगाखाली सोडायचा आणि त्यातले कवचवाले अमीबा ओळखायचे. कुणी वाळूचे कण जोडून घर बांधतो, कुणी दुसऱ्यांची मोडकी कवचं ढापतो. कवींसारखंच, असं मी म्हटलं, तेव्हा प्रयोगशाळेचे साहेब हसले. नळीला रबरी फुगा लावायचा नाही, तोंडानेच ओढायचं, ही त्यांची शिस्त. दात स्वतःचेच ना मास्तर, असंही त्यांनी विचारलं. सगळे बत्तीस, मी ऐटीत सांगितलं. खोलीही प्रयोगशाळेतच दिली आहे.

बुधवार, ५

सात जाती ओळखल्या. आठवी कुठल्याच पुस्तकात नाही. तिचं कवच पांढऱ्या, चकचकीत कपच्यांचं. ती माझी लाडकी, साहेब म्हणाले. चहा घेताना नातीचा विषय निघाला. तिचे दुधाचे दात पडून नवे आलेत, कोऱ्या खडूसारखे पांढरे, असं कौतुकाने सांगितलं. साहेबांनी पत्ता लिहून घेतला. तिला खाऊ पाठवणार आहेत. दिलदार माणूस!

शनिवार, ८

परवा नळीतला एक थेंब गिळला गेला. तेव्हापासून पाणी दातांना झोंबतं. कविता म्हणताना 'स' निसटतो. तोंडात सारखी करकर, खडूसारखी.

सोमवार, १०

टेबलाच्या खणात माझ्याआधीच्या माणसाची वही सापडली. शेवटच्या पानावर त्याच कवचाचं चित्र. खाली थरथरत्या अक्षरात: वाळू नव्हे, माझे दात.

आरशात पाहिलं. आठ उरलेत.

मंगळवार

साहेबांना जाब विचारला. त्यांनी शांतपणे माझा जबडा उघडून दात मोजले. म्हातारे फार लवकर संपतात म्हणाले, वैतागून. ती जात दुसऱ्या कशावर जगत नाही.

बाहेरून कडी —

गुरुवार

एकही नाही. आता हिरड्यांच्या आत — करकर — शब्द फुटत नाही —

कडी वाजली. दारात — नात! साहेबांचं बोट धरून! मी ओरडतोय, नुसतं फसफस. तिला वाटतं आजोबा गंमत करतात, खिदळतेय. तिच्या हातात काचनळी. सरबतासारखं ओढ, साहेब सांगतायत —

तिला वाचायला मीच शिकवलंय. हे पान तिच्यापुढे —

बाळा, नळी तोंडात घालू न