गिअरबॉक्स खाली आहे तोवर

डोंबिवली पूर्व,
रविवार

प्रिय रसिका,

गाडी काल संध्याकाळी बाळकुमला तुझ्या ताईच्या सोसायटीत लावून आलो. चावी वॉचमनकडे दिली आहे. वर यावं असं वाटलं होतं, लिफ्टपर्यंत गेलोही, मग परत फिरलो. पहिल्या सिग्नलला क्लच सोडशील तेव्हाच गाडीत काय केलंय ते तुझ्या पायाला कळेल. का केलं ते मात्र कळणार नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या आठवड्यात क्लच प्लेट गेली. पत्री पुलाजवळच्या काळुरामकडे गाडी टाकली. गुरुवारी त्याचा फोन आला, "विनीतशेठ, गिअरबॉक्स खाली आहे तोवर काय ते ठरवा. जुनं फ्लायव्हील घासून परत बसवू, की वहिनींनी मागवलेलं ते हलकं? नंतर सांगाल तर सगळं परत उतरवायला लागेल." माळ्यावरून तुझा तो खोका काढला आणि गॅरेजवर गेलो. दोन्ही फ्लायव्हील, इंजिनाच्या मागे फिरणारी ती लोखंडी चाकं, त्याने बाकड्यावर शेजारी ठेवली. तुझं जवळजवळ अर्ध्या वजनाचं. "वहिनींची गाडी ना? मग त्यांनाच विचारा की," तो म्हणाला. तू घर सोडून गेलीस हे त्याला कुठे माहीत होतं! फोन हातात घेऊन मी बराच वेळ बाहेर उभा राहिलो. तुझा नंबर लावला नाही.

ते चाक कोइमतूरहून आलं त्या दिवशी तू किती खूश होतीस. बदलापूरच्या मैदानावरच्या शर्यतीत तुझा पहिला नंबर अर्ध्या सेकंदाने हुकला होता. वडिलांच्या टेम्पोवर सोळाव्या वर्षी हात बसलेली तू. जेवणाच्या टेबलावर ते चाक ठेवून मला समजावत होतीस की जड चाक वेग उशिरा घेतं पण इंजिनाला सांभाळून नेतं, हलकं चाक पाय दाबताच उसळतं आणि पाय काढताच पडतं. मी म्हणालो, शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये सारखी बंद पडेल. तू हसलीस. "बंद पडली तर परत चालू करायची. त्यात काय एवढं?" मी म्हणालो, बघू. पुढची दोन वर्षं मी सगळ्यालाच 'बघू' म्हणत राहिलो. तुझ्या पुण्याच्या नोकरीला. स्पितीच्या ट्रिपला. आणि तू माझा हात धरून, परत एकदा प्रयत्न करूया का रे, असं विचारलंस, त्यालाही. गेल्या दिवाळीनंतर तू विचारायचं बंद केलंस. मला वाटलं, चला, घरात शांतता आली. मार्चमध्ये तू बॅग भरलीस तेव्हा कळलं ती कसली शांतता होती.

गाडी बंद पडण्याची मला एवढी धास्ती का, ते तुला कधीच सांगितलं नाही. तुला सातवा लागला होता. ती दुपार. तू मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस आणि मी ठाण्याच्या हॉस्पिटलकडे गाडी काढली होती. ट्रॅफिक होतं एवढंच तुला आठवतं. शीळफाट्याला मी गाडी तीनदा बंद पाडली, रसिका. क्लचवरचा पाय दर वेळी लवकर सुटत होता. मागून हॉर्न, आई देवाचं नाव घेतेय, आणि मला न्यूट्रल सापडेना. तेव्हा मागून तू म्हणालीस, "विनीत, सावकाश. घाबरू नकोस. आता पहिला टाक." त्या अवस्थेत तू मला गाडी शिकवत होतीस. तुला हे आठवत नाही, मी एकदा आडून विचारून पाहिलंय. घरून निघायच्या आधीच बाळाचे ठोके थांबले होते, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्यापुरतं मी ते खरं मानलं. स्वतःपुरतं नाही मानू शकलो.

काळुरामला म्हटलं, हलकं बसव. "चालवणार कोण?" त्याने विचारलं. म्हटलं, तीच. शनिवारी गाडी घेऊन निघालो तर पुलाच्या चढावरच बंद पडली. मागे रिक्षावाले ओरडायला लागले, पण या वेळी न्यूट्रल सापडला. परत चालू केली. कळव्यापर्यंत अजून दोनदा पाडली आणि दोनदा चालू केली. उभी असताना गिअरबॉक्समधून बारीक खडखड येईल, तो बिघाड नाही. चढावर ऍक्सिलरेटर जरा जास्त द्यावा लागतो. पण खारेगावच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये ती अशी सुटली की तू दोन वर्षं काय मागत होतीस ते मला कळलं.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्राचं कारण वेगळं आहे. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी मागच्या वेळी मला विचारलं, मुलीबद्दल तुम्ही दोघं कधी बोललात का? मी घड्याळाकडे बघत बसलो आणि तू उठून बाहेर गेलीस. तू शुद्धीवर आल्यावर विचारलं होतंस, कशी होती रे? मी म्हणालो, मी बघितलं नाही. खोटं बोललो. नर्सने तिला माझ्या हातात दिलं होतं. पाचेक मिनिटं ती माझ्याकडे होती. कपाळ तुझं होतं, अगदी तुझंच, आणि केस भरपूर, ओले, काळे. डाव्या हाताची मूठ वळलेली होती. मी ती उघडून बघितली आणि परत मिटली. सांगितलं तर तू मोडशील असं वाटलं, आणि मग तीन वर्षं ती माझ्या एकट्याचीच होऊन राहिली. तिच्यावर तुझा माझ्याहून जास्त हक्क होता. मंगळवारी मी कोर्टात येईन, घटस्फोटाच्या कागदांवर सही करीन, काही अडवणार नाही. फक्त त्याआधी तुझी मुलगी कशी होती, हे तुला माहीत असायला हवं.

मंगळवारपर्यंत तरी तुझाच,
विनीत