ज्ञानकोशातून काढलेलं वाक्य

आई, तमादुरचा सलाम आणि तुझ्या कपाळाचा मुका.

मी ठीक आहे. कैरोत उकाडा आहे आणि डोळे थकलेत, एवढंच. शाळेतून आले की इंटरनेटवरच्या ज्ञानकोशासाठी आम्ही काही जण फुकट अरबी अनुवाद करतो. परवा मधुमेहाचं पान केलं. दमलेल्या हातांनी मध्येच लिहून टाकलं, "अंगणातसुद्धा अनवाणी फिरू नकोस, किती वेळा सांगायचं?"

ते पान तपासणारे ट्युनिसचे मुन्जीभाई म्हणाले, "बाई, हा ज्ञानकोश आहे. तू रागावतेस कुणाला?" आणि त्यांनी ते वाक्य काढून टाकलं.

तुझ्या पायाची जखम भरली का? फोनवर सांगतेस तसं नको, खरं सांग. कॉफीत साखर अजून तेवढीच?

काढलेलं वाक्य तुझ्यासाठीच होतं, म्हणून तुला पाठवते. चपला घाल, आई.

तुझी तमादुर