खोडता न येणारी ओळ

पंकजदादा,

माझ्या बायोडेटात 'लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे' ही ओळ तू मला न विचारता घातलीस. पुण्याहून तू आणलेली बायोडेटाची फ्लॉपी मी आज उघडली. तुझ्या त्या फुकटच्या पीडीएफ रीडरमध्ये वाचता येतं, मोठं करून बघता येतं, छापता येतं, पण एक अक्षर बदलता येत नाही. मूळ फाइल तुझ्या ऑफिसात. तुला हेच हवं होतं.

मी कागद छापला, ती ओळ पेनाने खोडली आणि खाली लिहिलं, 'राहुरी विद्यापीठातली नोकरी सोडणार नाही.' श्रीरामपूरला मुलाच्या घरी तो स्वतः द्यायला निघालेय. मागे येऊ नकोस.

आईला दाखवला. ती म्हणाली, "खोडलेलं अजून वाचता येतंय, नीट खोड."

नीट खोडलं.

प्रज्ञा